भिंतीवरच्या वाघाचं काय करायचं?

बाबा गेल्याला आता दोन वर्षं होतील. तेरवी झाल्यावर महिनाभराने वकील वाटणीची यादी करायला घरी आले आणि आमच्या जुन्या मालगुजारी वाड्यातली एकेक वस्तू कागदावर चढत गेली. शेत, वाडा, पितळी भांडी, सागवानी पलंग, आईचे दागिने. प्रत्येक ओळीपुढे अंदाजे रक्कम. आठव्या ओळीत होतं, 'वाघाचे मुंडके एक, सांबरशिंगे दोन जोड्या, गव्याची शिंगे एक जोडी.' नवव्या ओळीत, 'रायफल, विलायती, एक.' या दोन ओळींपुढची जागा वकिलांनी कोरी सोडली. पुण्याहून आलेल्या माझ्या भावाने विचारलं, "काका, ह्याचे किती येतील?" वकील म्हणाले, "रायफलीचं विचारून सांगतो. वाघाचं मात्र पुन्हा कुणाला विचारू नकोस."

प्रश्न आमच्या एका घरापुरता असता तर मी तो चारचौघांत मांडला नसता. विदर्भात मालगुजारांचे, म्हणजे तिकडच्या जमीनदारांचे, वाडे आहेत, देशावर आणि कोकणात संस्थानिकांचे, जहागीरदारांचे, इनामदारांचे. त्याखेरीज जुने रेंजर, पोलीस अधिकारी, सिव्हिल सर्जन, जंगलाचे कंत्राटदार अशा कितीतरी जणांच्या घरी एखादं मुंडकं, एखादं कातडं, निदान सांबराची शिंगं तरी टांगलेली असतात. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, शिकार मात्र चालूच राहिली. नागपूरची ऑल्विन कूपर कंपनी त्या काळात परदेशी पाहुण्यांना जंगलात वाघाच्या शिकारीला नेत असे, तेही रीतसर परवाना काढून. त्या पिढीची नातवंडं आता पन्नाशी-साठीत आहेत. वाडे विकले जाताहेत, माणसं दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला जाताहेत, आणि तिथल्या भिंतीवर वाघाचं मुंडकं मावत नाही. मग 'किती येतील' हा प्रश्न निघतोच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वाघाची किंमत शून्य ठरवणारा कायदा बरोबर आहे आणि त्यात कसलीही फट पडू देऊ नये. पण ती वस्तू सरकारला परत करण्याचा रस्ता सरळ हवा होता, तो अनेकांसाठी बंदच आहे. आणि त्या मुंडक्यात जी खरी दौलत उरली आहे तिच्याकडे आपलं कुणाचंच लक्ष नाही. रायफलीचं गणित निराळं, त्याकडे नंतर येते.

कायद्याबद्दल घरोघरी गैरसमज आहेत, म्हणून तो थोडक्यात सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ट्रॉफी म्हणजे नुसतं कातडं किंवा पेंढा भरलेला प्राणी नाही. शिंग, दात, नख, हाड, केस, पीस, सगळं त्यात येतं. कायदा लागू झाल्यावर तीस दिवसांत अशा वस्तू सरकारला कळवायच्या होत्या. माझ्या आजोबांनी कळवल्या, त्यांचं मालकी प्रमाणपत्र आमच्या लोखंडी कपाटात आहे. ज्यांनी तेव्हा कळवलं नाही त्यांना २००३ मध्ये १८० दिवसांची आणखी एक मुदत मिळाली, ती त्याच वर्षी ऑक्टोबरात संपली. प्रमाणपत्र असलं तरी वस्तू विकता येत नाही आणि विकायला काढताही येत नाही. ती फक्त वारशाने पुढे जाते, आणि वारसाने नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांना तसं कळवावं लागतं. वाघ अनुसूची एकमधला, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या यादीतला. त्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा केला तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे. आजोबांचं प्रमाणपत्र म्हणजे शेताचा सातबारा नव्हे. ती वस्तू घरात ठेवायची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ.

माझा भाऊ लोभी माणूस नाही. त्याचं म्हणणं मी जसंच्या तसं सांगते, कारण ते पुष्कळांचं आहे. आजोबांनी तो वाघ १९५८ साली परवाना काढून मारला. गुन्हा केला नाही. वाघ मेला तो मेलाच, त्याचं मुंडकं विकल्याने आज जंगलातला एकही वाघ कमी होत नाही. उलट सरकारने अशा वस्तूंचा लिलाव करावा, त्यावर कर घ्यावा आणि तो पैसा व्याघ्र प्रकल्पांना द्यावा. ऐकायला हे पटतं. मलाही काही दिवस पटलं होतं.

पटेनासं झालं ते खागाचं प्रकरण पुन्हा वाचल्यावर. जानेवारी २००० मध्ये उत्तर प्रदेशातल्या खागा या गावी धाड पडली. तिथे सापडली चार वाघांची आणि सत्तर बिबट्यांची कातडी, आणि बिबट्याची १८,००० नखं. एका बिबट्याला अठरा नखं असतात. म्हणजे नखांचा तो ढीग निदान हजार बिबट्यांचा होता. पुढे २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, २००९ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नात. २०१३ च्या सुमाराला आपल्या मेळघाटात लोखंडी सापळे लावून वाघ मारणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या. हे सगळं होत असताना बाजार पूर्ण बंद होता. बंद बाजारात एवढी मागणी असेल, तर 'फक्त जुनी कातडी विका' असं म्हणून उघडलेल्या खिडकीतून काय काय बाहेर येईल?

जुनं कातडं आणि नवं कातडं यांत फरक करायचा कसा? वनखात्याकडे कॅमेरा ट्रॅपमधल्या वाघांच्या पट्ट्यांची नोंद आहे, पकडलेलं कातडं त्या नोंदीशी जुळवून अमुक जंगलातला अमुक वाघ मारला गेला हे शोधून काढल्याची उदाहरणं आहेत. पण पट्टे अख्ख्या कातड्यावर असतात, लॉकेटमधल्या नखावर नसतात. नख वाघाचं आहे की गुराच्या खुराचं कोरलेलं, हे प्रयोगशाळा सांगते. तो वाघ १९५८ साली मेला की गेल्या पावसाळ्यात, हे सांगायला वेगळी आणि महागडी तपासणी लागते. ती प्रत्येक दुकानातल्या प्रत्येक दाताची कोण करणार? विक्रीला परवानगी दिली की आजोबांचं प्रमाणपत्र हीच विकायची वस्तू होईल. मुंडकं राहील घरात आणि कागद जाईल कालपरवाच्या वाघाबरोबर. वापरलेल्या वाहतूक परवान्यावर चोरीचं सागवान नेण्याचा धंदा विदर्भात कुणाला माहीत नाही? कातड्याचंही तेच होईल.

१९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ धरले होते. २०२२ च्या अंदाजात ३,६८२ आले, त्यांतले ४४४ महाराष्ट्रात. ही वाढ सहज झालेली नाही. तिच्यासाठी गावं उठली, माणसांचे जीव गेले, गुरं गेली, चंद्रपूर-गडचिरोलीतली माणसं आजही सरपणाला जाताना जीव मुठीत धरून जातात. आमच्या आठव्या ओळीपुढे चार आकडे लिहिता यावेत म्हणून त्यांनी सोसलेलं पणाला लावायचा आम्हाला काय अधिकार?

परदेशाचा दाखला नेहमी दिला जातो. ब्रिटनमध्ये १९४७ पूर्वी घडवलेल्या अशा वस्तू काही अटींवर विकता येतात, आणि तिथल्या लिलावांत भारतातल्या वाघांची कातडी आजही पुकारली जातात. त्यांतली कितीतरी म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या, कातडी कमावून प्राण्यांत पेंढा भरणाऱ्या कारखान्यातून गेलेली असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९९९ पर्यंत चाललेला हा कारखाना, सबंध हिंदुस्थानातले राजेरजवाडे आणि साहेबलोक तिथे कातडी पाठवत. त्यांचा शिक्का असला की भाव वाढतो. ब्रिटनच्या जंगलात वाघ नाही, म्हणून त्यांना ही चैन परवडते. आपल्याकडे गोंदियाच्या बसमधून उतरून दोन तास चाललं की वाघाचा माग दिसतो. ज्याच्या दारात धन आहे त्याने कुलूप मोठं लावावं, यात मला काही जुलूम वाटत नाही. हस्तिदंतावर ब्रिटननेही २०१८ मध्ये कडक कायदा केला आणि २०२२ पासून तो लागू झाला. म्हणजे जुन्या वस्तूच्या आडून नवी वस्तू येते, हे त्यांनाही निदान हत्तीबाबत तरी कळलेलं आहे.

आता माझ्या आत्याच्या वाघनखाच्या लॉकेटबद्दल. ऑक्टोबर २०२३ मध्ये कर्नाटकात दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमातल्या एका स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखावरून अटक झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाण्याच्या आमदारांवर गळ्यातल्या वाघाच्या दातावरून वनखात्याने गुन्हा नोंदवला. ही दुसरी बातमी आली त्या संध्याकाळी आत्याचा फोन आला. ती ऐंशीच्या घरातली आहे.

"अगं, ते माझ्या बारशातलं वाघनख. आईने घातलं होतं गळ्यात. त्याच्यासाठी मला धरून नेतील का?"

"आत्या, त्याचा काही कागद आहे का तुझ्याकडे?"

"बारशाच्या दागिन्याचा कोण कागद करतं?"

आपल्याकडे लेकराच्या गळ्यात सोन्याच्या कोंदणात वाघनखं घालायची रीत होती. दृष्ट लागू नये, पोर धीट व्हावं म्हणून. १९७२ मध्ये कायदा आला तेव्हा या बायकांना कुणी सांगितलं नाही की पोराच्या गळ्यातला दागिनाही जाहीर करायचा असतो. २००३ ची मुदत आली आणि गेली, तीही त्यांच्यापर्यंत पोचली नाही. २०२२ च्या दुरुस्तीने कलम ४२-अ आलं, एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे. ज्याच्याकडे मालकी प्रमाणपत्र आहे त्याला नको असलेली वस्तू सात कामकाजाच्या दिवसांची सूचना देऊन सरकारजमा करता येते. मोबदला मिळत नाही, आणि मिळू नयेच. पण हे दार प्रमाणपत्रवाल्यांसाठी आहे. आत्यासाठी ते नाही. तिने ते नख सरळ नेऊन दिलं, तर 'आजवर बेकायदा बाळगलं' असं आपणच लिहून दिल्यासारखं होतं.

मग अशी माणसं काय करतात? काही जण संदुकीच्या तळाशी ठेवतात. काही जण नदीत सोडतात, काही जण रात्री परसात जाळतात. आणि काही घरांत एक दिवस एक माणूस येतो, नम्र बोलतो, 'जुन्या वस्तू घेतो' म्हणतो आणि रोख देऊन जातो. ज्या बाजारात एकही वस्तू जाऊ नये म्हणून कायदा केला, त्याच बाजारात ती वस्तू भीतीपोटी जाते. मला सगळ्यात जास्त काळजी या शेवटच्या घरांची वाटते.

कर्नाटक सरकारने २०२४ च्या सुरुवातीला अशा वस्तू परत करण्यासाठी तीन महिन्यांची मुदत जाहीर केली होती. त्यावर आक्षेप असा की चोरटे शिकारीही त्या गर्दीत हात धुऊन घेतील. आक्षेप खरा आहे. पण त्याचा इलाज मुदतीच्या अटींत आहे. परत द्यायची मुभा असावी, ठेवायची नसावी. नवं मालकी प्रमाणपत्र कुणालाही मिळू नये. एका घरातून एक लॉकेट आलं तर पावती, पोतं भरून नखं आली तर चौकशी. ताजं कातडं आलं तर गुन्हा. वनरक्षकापासून वरपर्यंत कुणालाही आत्याचं लॉकेट आणि खागाचं पोतं यांतला फरक समजावून सांगावा लागणार नाही. महाराष्ट्राने केंद्राकडे अशी तरतूद मागावी आणि तिची दवंडी गावागावांत, महिला बचत गटांत, सोनारांच्या पेढ्यांवर पिटावी. सोनारांना तर आधी सांगावं, कारण कोंदण उकलायला बायका त्यांच्याकडेच जाणार.

आता मुंडक्यातल्या त्या खऱ्या दौलतीबद्दल. आमच्या आठव्या ओळीतला वाघ जबडा वासून गुरगुरतो आहे. लहानपणी त्या भिंतीखालून जाताना मी डोळे मिटून घेत असे. मोठेपणी आजोबांची शिकारीची वही हाती आली. निळ्या शाईत, वळणदार मोडीमिश्रित अक्षरात त्यात लिहिलं आहे: चुलबंदच्या काठी, पौष महिना, सकाळची वेळ. हाक्याला चाळीस माणसं, माणशी आठ आणे. वाघ सावकाश चालत नाल्यातून वर आला, मान वळवून हाक्याच्या आवाजाकडे बघत होता, तेव्हा गोळी घातली. माप नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत, दोन खुंट्या ठोकून सरळ घेतलेलं. तो वाघ गुरगुरला नव्हताच. गुरगुरणं नंतर कारागिराने मातीत आणि मेणात घडवलं, कारण भिंतीवर शौर्य दिसावं अशी गिऱ्हाइकाची इच्छा असे. मुंडक्याने मला चाळीस वर्षं खोटी गोष्ट सांगितली. खरी गोष्ट वहीत होती.

त्या वहीतले चाळीस जण बहुतेक गोंड होते. दोघांची नावं आहेत, एकाला सांबराने लाथ मारून पाय मोडल्यामुळे आणि दुसऱ्याला पुढाऱ्याची जादा मजुरी दिल्यामुळे. बाकी अडतीस नुसता आकडा. काट्याकुट्यातून ढोल बडवत वाघाला आजोबांच्या मचाणापर्यंत त्यांनी आणलं, आणि वाघ भिंतीवर लागला आमच्या. वारसाहक्काची भाषा काढायचीच असेल तर त्या अडतीस घरांचा हिस्सा यादीत कुठे लिहायचा? मी हे भावाला विचारलं, तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही.

वहीत आणखी काय आहे? जागा, दिवस, नर-मादी, माप. कुठल्याही प्राणिशास्त्रज्ञाला हवी असते तीच माहिती. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ ते १९२३ या काळात देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी केली आणि हजारो कातडी-कवट्या चिठ्ठी बांधून ठेवल्या. चिठ्ठी आहे म्हणून शंभर वर्षांनंतरही त्यांचा उपयोग होतो. २०१३ मध्ये बंगळुरूची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था आणि ब्रिटनमधलं कार्डिफ विद्यापीठ यांच्या संशोधकांनी ब्रिटनच्या संग्रहातल्या जुन्या भारतीय वाघांच्या अवशेषांतून डीएनए काढला आणि तो आजच्या वाघांशी ताडून पाहिला. आईकडून पिलात उतरणाऱ्या डीएनएचे जे प्रकार जुन्या वाघांत होते, त्यांतले ९३ टक्के आजच्या वाघांत आढळलेच नाहीत. ही बातमी मी वाचली त्या दिवशी आमच्या भिंतीवरच्या वाघाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. कोण जाणे, नाहीसा झालेला एखादा धागा त्याच्या कवटीत अजून असेल. आणि हे अभ्यास विलायतेतल्या कपाटांतल्या वाघांवर करावे लागतात, कारण आमच्या वाड्यांतल्या वाघांची जागा-वेळ कुणी कधी विचारलीच नाही.

म्हणून परत घेणाऱ्या कार्यालयाने वस्तूबरोबर कहाणीही मागून घ्यावी. कुठे मारला, कधी, कुणी, वही आहे का, फोटो आहे का. चिमूटभर नमुना वेगळा काढावा. आसामने सप्टेंबर २०२१ मध्ये बोकाखात इथे गेंड्याची २,४७९ शिंगं जाळली, तेव्हा आधी एकेक शिंग तपासलं होतं आणि काही निवडक शिंगं जपायला बाजूला ठेवली होती. जाळण्याला माझा विरोध नाही. शिंगाला किंमत नाही हे जगाला ओरडून सांगायचा तो एक मार्ग आहे. पण आधी वाचून घ्या, मग जाळा. तोवर ज्यांच्या घरी अशा वस्तू आहेत त्यांनी पोराबाळांना हात लावू देऊ नये. जुनी कातडी कमावताना सोमल वापरत, आणि ते विष अजून त्यात असतं.

आता नववी ओळ. आजोबांची रायफल वेस्टली रिचर्ड्स या बर्मिंगहॅमच्या कंपनीची, .३१८ बोअरची. नळीवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुकांची नळी तपासणाऱ्या संस्थेचे, ठसे, अक्रोडाचा दस्ता, त्यावर हाताने कोरलेली नक्षी. वकिलांनी एका परवानाधारक विक्रेत्याकडे नेलं. त्याने नळी उजेडाकडे धरून आत बघितलं, आट्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, शाबूत आहेत का, गंजाने खड्डे पडलेत का ते पाहिलं, नळीवरचा आकडा परवान्यातल्या आकड्याशी ताडला. म्हणाला, "माल फार सुंदर आहे. पण गोळी कुठून आणणार?" भारतात नागरी वापरासाठी सरकारी कारखाने जी काडतुसं करतात त्यांत .३१८ नाही. त्यापेक्षा इशापूरच्या कारखान्यातली साधी .३१५ लवकर खपते, कारण तिची गोळी मिळते. लष्कराचं .३०३ काडतूस तिच्यात बसू नये म्हणूनच तिचा बोअर वेगळा ठेवला गेला, हेही त्यानेच सांगितलं. १९८० च्या दशकाच्या मध्यात विलायती शस्त्रांची आयात सामान्य माणसाला बंद झाली, म्हणून इथे आधीच असलेल्या विलायती पिस्तुलांना आणि दुनळी बंदुकांना अवाच्या सवा भाव येतो. आमच्यासारखी देखणी पण उपाशी रायफल मात्र पडून राहते.

जाता जाता तो म्हणाला, "ह्या रायफलीने वाघ मारलाय ना? तसं लिहून द्या, हौशी गिऱ्हाईक जास्त देईल." मी नाही म्हटलं. लंडनच्या रिग्बी कंपनीने २०१५ मध्ये जिम कॉर्बेट यांची रायफल मिळवली. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये त्यांना ती भेट मिळाली होती. त्या रायफलीमागे शेकडो माणसांच्या मृत्यूची आणि एका माणसाच्या पुढे पालटलेल्या मनाची कहाणी आहे. तिला इतिहास म्हणावा. चुलबंदच्या काठी मान वळवून उभ्या असलेल्या वाघाचा जीव रायफलीच्या भावात मोजणं म्हणजे मुंडकं मागच्या दाराने विकणं आहे. रायफलीची किंमत लोखंडाची, लाकडाची आणि बर्मिंगहॅमच्या कारागिराच्या हाताची व्हावी. तेवढ्या किमतीबद्दल मला कसलाही संकोच नाही. वाघ कुणी घडवलेला नाही, रायफल घडवलेली आहे. एकीला बाजार असावा आणि दुसऱ्याला नसावा, हा भेद मला न्यायाचा वाटतो.

पण रायफलीच्या बाबतीत कायदा वस्तूला जपत नाही. परवानाधारक वारला की शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावं लागतं, आणि ते योग्यच. मग वारसाच्या नावाने परवाना मागायचा, त्याला इतर वारसांची ना-हरकत लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्यातच मोजतात. परवाना नको असेल तर ठरलेल्या मुदतीत विकायचं, नाहीतर ते सरकारजमा. कागदावर चोख. प्रत्यक्षात भावाबहिणींत ना-हरकत अडते, फाईल सरकत नाही, आणि दोन पावसाळ्यांत मुद्देमालाच्या खोलीत नळीला गंज चढतो. आचारसंहितेत महिनाभर जमा केलेली दुनळी परत घेताना तिच्यावरचा तांबूस थर पुसणारे परवानाधारक प्रत्येक तालुक्यात भेटतील. जिल्ह्याला एक कोरडी खोली, तेल लावणारा एक जाणकार शस्त्रकारागीर आणि वर्षातून एकदा परवानाधारकांपुरता खुला लिलाव, एवढ्याने पुष्कळ काम होईल.

त्या लिलावात पहिला मान नेमबाजांच्या क्लबांना द्यावा. वाड्यांतून .२२ बोअरच्या कितीतरी रायफली निघतात. स्पर्धेच्या दर्जाच्या त्या नसतात, पण नवशिक्या पोराला नेम धरायला, श्वास रोखायला शिकवायला पुरतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेत्या झाल्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेंनी २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं. ज्या कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेल्या श्वापदांची दालनं आहेत, त्याच जिल्ह्यात हे घडलं. रायफल हाती घ्यायची हौस कागदाच्या वर्तुळावर भागवता येते, हे त्या मुलांनी दाखवलं. आमच्या .३१८ सारख्या, ज्यांना गोळीच मिळत नाही अशा रायफली निकामी करून संग्रहालयांना द्याव्यात. शंभर वर्षं पुरी झालेली वस्तू तर देशाबाहेर नेताही येत नाही, मग ती इथेच नीट दिसू दे.

आमच्या घरी शेवटी काय झालं ते सांगते. रायफल अजून विक्रेत्याकडे जमा आहे, भावाची ना-हरकत मिळाली आहे, संग्रहालयाशी पत्रव्यवहार चालू आहे. आत्याचं लॉकेट आत्याच्याच संदुकीत आहे, कारण तिच्यासाठी अजून दार नाही. मुंडकं मात्र आम्ही परत केलं. सूचना देऊन सात दिवस झाल्यावर मी आणि भाऊ ते धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून घेऊन गेलो. भावाने ते मांडीवर धरलं होतं. कार्यालयातल्या लिपिकाने प्रमाणपत्र पाहिलं, खूण पडताळली, रकाने भरले. 'किंमत' या रकान्यात त्याने 'निरंक' लिहिलं. मी वहीच्या त्या पानाची छायाप्रत पुढे केली आणि ही बरोबर जोडून घ्या म्हणाले. तो म्हणाला, "बाई, ह्याला रकाना नाही." मी म्हटलं, "शेऱ्यात लिहा." त्याने पान वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, चाळीस माणसांच्या ओळीवर बोट ठेवून थांबला. तो मूळचा त्याच बाजूचा निघाला. मग शेऱ्यात त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सोबत नोंदवहीचे पान एक', आणि टाचणी लावली.